हात पोचू नये म्हणून

“अहो, आणखी किती भोकं पाडणार? भिंतीची पार चाळण झाली की!” बायको दारातून ओरडली तेव्हा मिस्त्रींच्या तोंडात स्क्रू होते, त्यामुळे उत्तर द्यायचं टळलं. एरवीही ते कुठे देत? फर्निचरच्या कारखान्यात हयात गेली, जे बोलायचं ते लाकडाशीच बोलून संपलं, असं तिचं म्हणणं.

या वेळी मात्र घाई होती. थोरल्या लेकीला परगावी नोकरी लागली होती. तिथे जम बसेपर्यंत तिची मुलगी भिंगरी आजी-आजोबांकडे राहणार होती. म्हणजे थोरलीनं हो म्हटलं तर. रिकामी खोली एकच, मागची, आणि ती मिस्त्रींच्या हत्यारांनी भरलेली. “बाबा, त्या खोलीत माझी मुलगी झोपणार असेल तर मी आधी येऊन बघेन. मगच काय ते ठरवेन,” थोरलीनं फोनवर सांगितलं होतं.

का, ते विचारायची कुणाला गरज नव्हती. थोरली लहान असताना याच खोलीत धाकट्या लेकीनं उघड्या फळीवरची लाकूड कोरायची पटाशी ओढली आणि ती तिच्याच पायावर पडली होती. जखम चिघळली, ताप चढला आणि चार वर्षांची पोर हातची गेली. त्यानंतर घरात तिचा विषय कुणी काढला नाही. पण रंधा मारता मारता मिस्त्री मधेच थांबत आणि मागे वळून दाराकडे बघत.

“काय झालं?” बायको विचारी.

“काही नाही. वारा असेल.”

दार तर बंदच असे.

हत्यारांसाठी भिंतीवर बसवलेलं कपाट मात्र झकास झालं. जेमतेम वीतभर जाडीचं, पुस्तकाच्या पानांसारखं उघडणारं. पानांच्या दोन्ही अंगांना करवती, हातोड्या, पकडी. पटाश्यांची पाती खाचेत पूर्ण आत, मूठ तेवढी बाहेर. कामाचं टेबल बिजागरीवर दुमडून भिंतीला चिकटायचं. खाट मावून भिंगरीला गिरक्या घ्यायला जागा उरत होती.

राहिली ती कडी. साध्या खिळ्यासाठीही दोनदा माप घेणाऱ्या मिस्त्रींनी या वेळी टेपला हात लावला नाही. तळहात कमरेपाशी हवेत धरला, किंचित खाली घेतला. तिथून टाचा उचलून हात कुठवर जाईल ते नजरेनं ठरवलं, वर आणखी एक वीत सोडली आणि खूण केली. चहा घेऊन आलेल्या बायकोनं तो हवेतला तळहात पाहिला. कप ठेवून ती आत गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

थोरली भिंगरीला घेऊन आली ती थेट मागच्या खोलीत. टेबल वर-खाली करून झालं, कपाट गदागदा हलवून झालं. “चांगलं केलंत हो बाबा,” ती म्हणाली. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भिंगरी पुढे झाली. सात वर्षांची, वयाच्या मानानं उंच. तिनं हात वर केला, कडी काढली, कपाट उघडलं आणि पटाशीची मूठ धरली. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत.

“सोड ते!” थोरलीनं तिला मागे खेचलं. “बाबा, अहो एवढे कारागीर तुम्ही! कुणाच्या मापानं बसवलीत ही कडी?”

मिस्त्रींनी कडीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. त्यांचा तळहात आपसूक कमरेपाशी गेला आणि तिथेच राहिला.

थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला. “धाकटीच्या?” तिनं हळूच विचारलं.

“तिचा नाही पोचत,” मिस्त्री समजावल्यासारखं म्हणाले. “टाचा उचलल्या तरी नाही पोचत.”

दारात बायको तोंडाला पदर लावून उभी होती. मग थोरलीनं डोळे पुसले आणि भिंगरीला कपाटाला टेकवून उभं केलं. “हात वर कर. अजून. टाचा उचल. बाबा, टेप घ्या.”

मिस्त्रींनी माप घेतलं आणि त्याच्याही बरंच वर दुसरी कडी बसवली. मग खालची काढायला स्क्रूड्रायव्हर लावला.

“ती असू द्या हो,” बायको म्हणाली.

थोरलीनं भिंगरीची बॅग खाटेखाली सरकवली. कपाट मिटून वरची कडी लावली, ओढून पाहिली. मग खालचीही लावली.