श्वासाच्या जागा

दालनात शिरताच पुतणीने माझा हात धरला. "काका, आवाज चढवायचा नाही हं."

"नाही चढवत," मी म्हटलं, आणि समोरच्या भिंतीवर मला दादाचे पुठ्ठे दिसले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचे वडील. चाळीस वर्षं तो आमच्या बँडचा मास्तर होता. त्याला लिहिता येत नव्हतं. आम्हा नऊ जणांत तेव्हा कुणालाच येत नव्हतं. म्हणून त्याने स्वतःची लिपी काढली. शर्टाच्या खोक्यांतले पुठ्ठे घ्यायचे आणि रंगीत पेन्सिलींनी त्यांवर चाल मांडायची. लाल रेघ क्लॅरिनेटची, निळी ट्रंपेटची, काळे ठिपके ढोलाचे. रेघ लांब तर सूर लांब, रेघ चढली की सूर चढला. मधे कोरी जागा दिसली की तिथे श्वास घ्यायचा. नवा माणूस आला की दादा आधी कोऱ्या जागा शिकवायचा, मग रेघा.

आता त्याला काही आठवत नाही. मुलीचं नाव कधी सापडतं, कधी नाही. पण पुठ्ठा मांडीवर ठेवला की रेघेवरून बोट फिरवत अख्खी चाल गुणगुणायचा, एक सूर इकडचा तिकडे नाही. पाच महिन्यांपूर्वी एक चित्रकार बाई घरी आल्या. संगीतावर काम करतेय म्हणाल्या, चहा प्यायल्या, आणि अकराच्या अकरा पुठ्ठे आठ दिवसांच्या बोलीने घेऊन गेल्या. पुतणीनेच दिले. तेव्हापासून दादा चाल सुरू करतो, मधेच अडकतो आणि स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारतो. "पुठ्ठे आले का?" रोज विचारतो.

आणि ते इथे होते, त्याच बाईंच्या प्रदर्शनात. कॅनव्हासवर चिकटवलेले, वरून जागोजागी रंग फासलेला.

शेजारची पाटी मी वाचली. उतारवयात अक्षरं शिकलो, त्यामुळे सावकाश वाचतो, पण एकही शब्द सोडत नाही. 'निराकार सूर. संगीताला कलाकाराच्या अंतर्मनाने दिलेला प्रतिसाद. सापडलेल्या साहित्यावर मिश्र माध्यम.'

"सापडलेल्या?" मी म्हटलं. "कुठे सापडले? उकिरड्यावर?"

"काका, हळू!"

बाई लगबगीने आल्या. "अरे वा, आलात! कसं वाटलं?"

"पाचवं चित्र उलटं लावलंय."

त्या हसल्या. "अमूर्ताला उलटंसुलटं नसतं, आजोबा."

"याला असतं. ही वरातीची चाल आहे, बाई. चढायची ती उतरतेय. अशी वाजवली तर नवरदेव मांडवातून घरी परत जाईल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना ते आवडलं नाही.

"पुठ्ठे परत कधी देताय?" मी विचारलं.

"परत कसे देणार? ते आता चित्रांचा भाग झालेत. सात तर विकलीही गेली. पण मी आभार मानणार आहे ना! 'एका ज्येष्ठ वादकाचे आभार.'"

"त्या वादकाला नाव आहे."

पुतणी मधे पडली. "ताई, रंग लावायच्या आधी फोटो तरी काढले असतील ना?"

"खरं सांगू? कामाच्या लहरीत राहूनच गेलं."

पुतणीचा चेहरा पडला. ती इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या पिशवीत वॉर्डची वही आणि लाल, निळं, काळं पेन कायम असतं. मी हात पुढे केला. तिने काही न विचारता वही दिली.

बाकड्यावर बसून मी पहिलं चित्र उतरवायला घेतलं. तिसऱ्यावर पहारेकरी आला. "काका, इथे चित्रांची नक्कल करायला मनाई आहे."

"कोण कुणाची नक्कल करतंय ते त्यांना विचार."

"मला वरून सांगितलंय हो. माझ्यावर का चिडता?"

बाईंनीच त्याला हाताने थांबवलं. "असू दे, लिहू दे त्यांना. छान दिसतंय ते." आणि त्यांनी माझाच फोटो काढला! पुठ्ठ्यांचे काढायला सवड नव्हती, माझा काढायला होती. जीभ आवरून मी लिहीत राहिलो. पाचवं मान वाकडी करून उतरवलं. बाकीच्या चित्रांवरचा रंग पातळ होता, खालच्या रेघा दिसत होत्या.

दहा झाली. अकरावी चाल दादाने वहिनी गेली तेव्हा बांधली होती आणि एकदाच वाजवली होती. ती दुसऱ्या कुणालाच येत नाही. त्या पुठ्ठ्याच्या मधोमध वीतभर रुंद, गडद पिवळा पट्टा होता.

"याच्याखाली काय होतं?"

"तिथे फार रिकामं वाटत होतं. तोल जात होता."

"सगळं रिकामं? रेघ होती की नव्हती?"

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "नाही आठवत हो."

घरी एक माणूस आठवत नाही म्हणून स्वतःला मारून घेतो, आणि या बाई ते शब्द असे बोलल्या, जणू छत्री विसरल्या होत्या. वही पुतणीच्या हातात देऊन मी उठलो. दादाचा हात जड. पेन्सिल अशी दाबायचा की पुठ्ठ्यात चर पडायचा. मी पिवळ्या पट्ट्यावर बोट टेकवलं.

"हात लावू नका!" पहारेकरी धावला.

रंगाखाली चर लागला. दोन्ही बाजूंना निळी रेघ होती, म्हणजे ही ट्रंपेटचीच. "लिही," मी पुतणीला म्हटलं. "निळी. लांब, चढती. मग कोरं. मग आखूड, पुन्हा आखूड."

"अहो, ते चित्र विकलं गेलंय!" बाई किंचाळल्या. "त्यांना बाजूला करा!"

पहारेकऱ्याने माझा दंड धरला, पण ओढला नाही. पुतणी खाली बसून गुडघ्यावर वही धरून भराभर लिहीत होती.

"अजून चार बोटं राहिलीत," मी बाईंना सांगितलं. "ती झाली की पोलिसांना बोलवा, नाहीतर आणखी कुणाला. पोरी, पुढे लिही. लांब, उतरती."