अंदाजाची वाट

काजलच्या लॅपटॉपने पुन्हा हात वर केले. उत्तर नाही, म्हणे. गणित तर साधं होतं. डोंगराखालच्या टोकावड्याच्या दवाखान्यातून सापाच्या विषावरचं औषध घेऊन ड्रोन निघणार, मधला डोंगर चुकवून आंबेमाळच्या वाडीवर उतरणार आणि तोवर बॅटरी टिकली पाहिजे. सगळ्यात कमी बॅटरीची वाट कॉम्प्युटरने शोधायची. पण हा शहाणा आपणहून काही शोधत नाही. आधी एक वाट अंदाजाने त्याच्या हातात ठेवावी लागते, मग तो तिला थोडीथोडी सुधारत नेतो. काजलने टोकावड्यापासून वाडीपर्यंत सरळ रेघ दिली होती. रेघ गेली डोंगराच्या पोटात आणि गडी तिथेच अडकला.

वाडी काजलची स्वतःचीच. ती कल्याणच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना तिच्या आईला भात कापताना घोणस चावली. झोळी करून खाली नेताना आई वाटेतच गेली. म्हणून शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी काजलने हट्टाने हाच विषय घेतला. सरांनी मात्र बजावलं होतं, सोमवारपर्यंत वाट सापडली नाही तर ड्रोन धसईच्या सपाट शेतांवर उडवून दाखवायचा. धसईला रस्ता आहे, बस आहे, तिथे ड्रोन हवाय कुणाला? काजलचं नुसतं डोकं फिरलं होतं.

रेघेऐवजी माणसाच्या चालण्याची वाट दिली तर? हे तिला सुचलं तेव्हा तिने बापाच्या, मंगळूच्या फोनमध्ये वाट टिपणारं ॲप टाकून दिलं आणि टोकावड्याहून घरापर्यंत चालत यायला सांगितलं.

आज दुपारी मंगळू धुतलेला सदरा घालून, घामाघूम होऊन पोचला. काजलने ती वाट गणिताला दिली. या खेपेला उत्तर आलं, पण बॅटरी वाडीच्या अलीकडेच संपत होती. यापेक्षा चांगली वाट नाहीच? की आहे, पण याला दिसत नाही? काळोखात चाचपडणाऱ्या माणसासारखा हा पायाजवळचाच उतार बघतो. डोंगराच्या एका अंगाला सोडला की दुसऱ्या अंगाला काय आहे ते बघायला कधी जात नाही. तिने बापाची वाट नीट पाहिली. ती डोंगराला वळसा घालून, वाडीखालच्या चढापर्यंत डांबरी रस्त्याने आली होती. आणि फोनमध्ये कालची आणखी एक वाट होती.

"बा, काल पण चाललास?"

मंगळू ओशाळला. "ती नको घेऊ गो. खिंडीतनं आलो, लय वाकडी झाली. दामूकडं पानी प्यालो, मंग त्याच्या शेळ्या वळवल्या. कॉलेजात अशी दावतात का? म्हनून आज नीट रस्त्यानं आलो."

काजलला हसू आवरेना. "वाकडी चालंल, बा. सरळ तो करंल. आपन फक्त डोंगराच्या कुठल्या अंगाला सोडायचं ते बघायचं."

तिने कालची वाट दिली आणि दर फेरीला बदलणारी रेघ पडद्यावर काढायला लावली. बापलेक डोकं जुळवून बघत बसले. आधी दामूचं घर सुटलं, मग शेळ्यांमागची वेटोळी उलगडली. खिंडीत एक गाठ होती, तीही हळूहळू सैल होत गेली. रेघ खिंडीतून अलगद वळली, वाडीवर उतरली आणि बॅटरी शिल्लक उरली. काजल ओरडलीच. तिला इतका आनंद झाला की तिने बापाची पाठ बडवली.

मंगळूने पडद्यावर बोट ठेवलं. "हितं गाठ होती, ती कुठं गेली?"

"सुटली. तिथं काय केलंस तू? बराच थांबलेला दिसतोस."

"तुजी आय हितं गेली. त्या वाटंनं आलो का मी बसतो जरा."

काजलला हे ठाऊक नव्हतं. तिला कुणी जागा दाखवली नव्हती आणि तिनेही कधी विचारली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"ह्यो डरोन हितं थांबंल का गो?" मंगळूने विचारलं.

"नाय बा. थांबनार नाय."

"नको थांबू दे," मंगळू म्हणाला. "सरळ वर येऊ दे त्याला."