दारात सोडायची गाठ

बाळ छताला उलटं चिकटलं होतं आणि क्षमाकडे बघून हसत होतं.

"आता काय करू?" तिने विचारलं.

"तू ठरव. बाळ सांभाळणारी बाई तू आहेस," यज्ञेश म्हणाला.

क्षमाने माउसने दुधाची बाटली पुढे केली. बाळाने बाटली खाल्ली, मग बाटली धरणारा हात खाल्ला आणि जाड्याभरड्या पुरुषी आवाजात "साखर कमी आहे" अशी तक्रार केली. पडदा काळा झाला. ही सहावी वेळ.

यज्ञेशने, तिच्या नवऱ्याने, घरून काम करता करता हा खेळ बनवला होता. ब्राउझरमध्ये उघडायचा, सात मिनिटं घाबरायचं, हसायचं आणि बंद करायचा. क्षमाने खुळखुळा देऊन पाहिला, कार्टून लावून पाहिलं, अंगाईसुद्धा वाजवली. बाळ बधेना. शेवटी यज्ञेशने माउस घेतला, खेळातल्या खुंटीवरचं जुनं लुगडं काढलं, त्याच्या पदराला गाठ मारली आणि बाळाच्या मुठीत दिली. बाळ निमूट खाली उतरलं आणि झोपलं.

"शेवट अजून व्हायचाय," तो म्हणाला.

"हे गाठीचं कुठून सुचलं तुला?"

"सुचायचंय काय? रोज बघतो ना. मावशी पदरात मिठाचा खडा घालून गाठ मारते, सईच्या हातात देते. पाच मिनिटांत पोरगी ढाराढूर."

मावशी म्हणजे अंजनाबाई. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. गुडघे गेले तशी मासळीची पाटी सुनेकडे, नमिताकडे, सोपवून अकरा महिन्यांपासून सईला सांभाळायला येत होत्या. क्षमा विम्याच्या कचेरीत. सकाळी साडेआठला बाहेर, संध्याकाळी सातला घरात. आपली मुलगी कशाने झोपते हे नवऱ्याला ठाऊक, खेळातल्या भुताला ठाऊक, फक्त आपल्याला नाही, हे तिला फार लागलं.

खरं तर लागायला तसं आधीपासूनच लागत होतं. सईच्या जावळाला अंजनाबाईंच्या तेलाचा वास यायचा. सई पहिला शब्द बोलली तो त्यांच्याच बोलीतला 'गो'. क्षमा बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली, दृष्ट काढण्यालाही हसणारी. पण मत्सराला शिक्षण विचारतं कोण? मीठ घालून गाठ मारते म्हणजे बाईने माझ्या पोरीला बांधून ठेवलंय, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. एकच गोष्ट तिच्या बाजूची होती. संध्याकाळी ती दारात आली की सई अंजनाबाईंच्या कडेवरून तिच्याकडे झेप घ्यायची. त्या एका झेपेवर क्षमाचा अख्खा दिवस निघायचा.

दुसऱ्याच दिवशी तिने सईचं नाव पाळणाघरात घातलं आणि अंजनाबाईंना शनिवारपर्यंतच यायला सांगितलं.

"अगं पण का?" यज्ञेशने विचारलं.

"चार मुलांत राहील. शिकेल," क्षमा म्हणाली.

शनिवारी क्षमाला सुट्टी होती. सई अंजनाबाईंच्या मांडीवर, मुठीत पदराची गाठ. यज्ञेशने मावशींना पुरा झालेला खेळ दाखवला. खेळातली बाई बाळाला झोपवून घरी निघते, तर बाळ तिच्या पदराला लोंबकळत लिफ्टमध्ये, बसमध्ये आणि शेवटी तिच्या घरात. पडद्यावर अक्षरं उमटली: बाळ आता तुमचंच.

अंजनाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "येनारच रे ते मागे. बाईने गाठ सोडली कुठे?"

"सोडायची असते?" यज्ञेशने विचारलं.

"मग? निघताना दारात सोडायची. मीठ टाकायचं नि मग उंबरा वलांडायचा. नायतर पोराचा जीव आपल्यात रवतो. ते आयशीकडे जात नाय."

"रोज सोडता?" क्षमाने विचारलं.

"रोज. तुजी लिफ्ट वाजली का सोडते."

क्षमाला ती झेप आठवली. अकरा महिने ती जिला आपली समजत आली होती, ती झेप रोज ही बाई तिच्यासाठी मोकळी करून ठेवत होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी मत्सर होताच, तो काही हलला नाही.

"मावशी, सोमवारी... या ना तुम्ही. पाळणाघराचं मी बघते."

"नाय गो बाय. सात बंगला नाक्याला काम घेतलं, सोमवारपासून. जुळी हायत." अंजनाबाई उठल्या. "दोन गाठी लागतील."

दारात त्यांनी सईच्या मुठीतून पदर हळूच काढला. गाठ घट्ट बसली होती. दातांनी ओढून सोडली, मीठ खाली झटकलं, सईच्या गालावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. सईने क्षमाकडे झेप घेतली, रोजच्यासारखीच.

अंजनाबाई वळून न बघता लिफ्टमध्ये शिरल्या.

सई क्षमाच्या ओढणीचं टोक चाचपू लागली. त्यात काहीच नव्हतं. मीठ पायाखाली येऊ नये म्हणतात. क्षमाने असलं कधी मानलं नव्हतं. तरी सईला कडेवर घेऊनच ती वाकली आणि उंबऱ्यावरचे खडे एकेक करून वेचले. ते टाकायचे कुठे, हे मात्र विचारायचं राहून गेलं होतं.