निळी फीत

पोटनिवडणुकीच्या दिवशी थर्झाचे बाबा, जोनास टायसन, मोडका पाय स्टुलावर टाकून खिडकीपाशी बसले होते. चेहरा असा, की जणू दुसराही पाय गेला! ज्या दगडखाणीत त्यांचा पाय मोडला, तिचाच मालक हुजूर पक्षातर्फे उभा होता. त्याच्याविरुद्ध मत टाकायचंच म्हणून जोनासनी कुबड्यांवर चालायची तालीमही केली होती. अंगण संपायच्या आत ते आडवे. मतदान टेकडीपलीकडच्या शाळेत, आणि उदारमतवाद्यांच्या एकुलत्या एक घोडागाडीचं चाक सकाळीच निखळलेलं.

तेवढ्यात दारात मोटार! पितळी दिव्यांची, खरीखुरी!

"चला काका!" उंची कोटातला एक तरुण खिडकीवरच्या निळ्या फितीकडे बोट दाखवत उतरला. "मी पेलहॅम. हुजूर पक्षाच्या कामासाठी खास लंडनहून आलोय. निळी फीत दिसली की गाडी थांबवतोच!"

थर्झाच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. लंडनकडे हुजुरांचा रंग निळा. इथे मात्र आजोबांच्या काळापासून निळे ते उदारमतवादी आणि पिवळे ते हुजूर.

"अहो, पण—" जोनास म्हणाले.

"बाबा, गप्प बसा आणि चढा," थर्झा त्यांच्या कानात पुटपुटली.

दोघं चढले, मोटार निघाली. पण जोनास म्हणजे दर रविवारी चॅपलमध्ये खरेपणावर प्रवचन देणारा माणूस! टेकडीच्या चढापर्यंत त्यांनी कसाबसा तग धरला.

"थांबवा, साहेब. मी तुमचा नाही. इथे निळे म्हणजे उदारमतवादी."

मोटार थांबली. बाबांना तिथेच ढकलून द्यावं, असं थर्झाला वाटलं.

"म्हणजे सकाळपासून मी..." पेलहॅमने कपाळावर हात मारला.

"विणकर गल्लीत गेला होता?" जोनासनी विचारलं. "तिथे घरोघरी निळ्या फिती."

"अख्खी गल्ली पोचवली."

"कोणी काही बोललं नाही?"

"नाही हो! सगळे फार गोड हसत होते."

जोनासच्या मिशा थरथरल्या. हसू दाबत त्यांनी कुबडी ओढली. "थर्झा, हात दे. उतरतो."

"बसा हो!" पेलहॅम खेकसला. "सगळे लबाड नेऊन सोडले, आणि खरं बोललात म्हणून तुम्हालाच रस्त्यात टाकू?"

शाळेच्या दारात त्यानेच जोनासना आधार देऊन उतरवलं. मत टाकून झाल्यावर घरीही सोडलं. मग पिवळ्या फिती शोधत तो गावभर हिंडला. तशी घरं सापडली बरीच. पण त्या प्रत्येकाच्या दारात स्वतःची मोटार उभी होती.