जायला दिलं

"मिळाली रजा!" हे दारातूनच ओरडले. "साहेबांनी आढेवेढे म्हणून घेतले नाहीत."

मी हुश्श केलं. पित्ताशयातल्या खड्यांनी माझा जीव नकोसा केला होता. सोमवारी कंपनीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, आणि रजा मागा म्हटलं की यांच्या तोंडाला कुलूप! नवे साहेब फक्त इंग्रजी बोलायचे. आमचे हे कारखान्यातले पंप मेकॅनिक. यांचं इंग्रजी म्हणजे लेक परीक्षेसाठी वाक्प्रचार घोकायची, त्यातले कानावर पडतील तेवढे.

"मी इंग्रजीतच बोललो," मोजे काढत हे म्हणाले. "साहेबांनी विचारलं, विल यू मॅनेज? मी म्हटलं, पीस ऑफ केक, सर!"

"डाव्या हातचा मळ!" लेक खुदकन हसली. "बाबा, कमाल केलीत! आणि रजा देताना काय म्हणाले?"

"वुई हॅव टु लेट यू गो. जायला देतो म्हणाले. मी तर त्यांचा हातच धरला. थँक्यू, थँक्यू म्हणत सुटलो."

लेकीचा चेहरा पडला. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, ही रजा नाही गं. बाबांना नारळ दिलाय."

"काहीतरीच! लेट म्हणजे देणं, गो म्हणजे जाणं. एवढं मलाही कळतं."

"सुटे शब्द तेच गं. पण असं एकत्र म्हटलं की कामावरून काढणं."

"इतकं गोड बोलून?"

"असंच बोलतात."

म्हणजे कंपनीच्या दवाखान्यातलं फुकट ऑपरेशनही गेलं. बाहेर हे शीळ घालत होते. त्या रात्री मला सांगायचा धीरच झाला नाही.

सकाळी हे झोपलेले असतानाच आम्ही दोघी कारखान्याच्या ऑफिसात गेलो. हेडक्लार्क ओळखीचे होते.

"दोन मेकॅनिकपैकी एकाला कमी करायचं होतं, वहिनी," ते हळूच म्हणाले. "दुसरा ढसाढसा रडला, पाय सोडेना. तुमचे हे हसत थँक्यू म्हणाले. साहेबांना वाटलं, यांचं दुसरीकडे जमलंय."

"अहो, त्यांना कळलंच नाही हो! कळलं असतं तर तेही रडले असते. साहेबांना सांगा ना, पाया पडते तुमच्या."

"दुसऱ्याला कायम केलं कालच. आता काही होणार नाही."

घरी येऊन सांगावंच लागलं. वाटलं होतं, चिडतील, माझ्यावर नाही तर लेकीवर खेकसतील.  पण हे उठले आणि युनिफॉर्म चढवायला लागले.

"कुठे निघालात?"

"रडलं की ठेवतात ना? मग मीही जाऊन रडतो."

"अहो, नका हो. शोभतं का?"

"तुझं पोट फाटतंय दुखून आणि मी शोभा बघत बसू?"

हे आरशासमोर उभे राहिले. डोळे घट्ट मिटले, उघडले, चोळले. ओठ वाकडे करून पाहिले. लेक भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती.

"येत नाहीये गं," हे म्हणाले. "कसं आणतात?"