चौथं बोट

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. "पियानो शिकायचाय? मग आधी बोलणी खायला शीक," असं मुलं माझ्या जिन्यातच एकमेकांना सांगतात. सांगेनात! माझे गुरुजी तर हाताच्या पाठीवर खोडरबर ठेवायचे. तो पडला की धडा पहिल्यापासून. अवघड जागा सलग चाळीस वेळा बिनचूक वाजवायची. एकोणचाळिसाव्याला चुकलं, तर पुन्हा एकपासून. दुखतंय म्हटलं की म्हणायचे, "दुखणारच. हात तयार होतोय."

चोविसाव्या वर्षी माझ्या उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीशेजारचं, वाजवताना आपोआप तळव्याकडे वळायला लागलं. जेवताना, लिहिताना ठणठणीत. पियानोवर बसले की मुडपलंच. मी कार्यक्रम सोडले आणि लोकांना सांगितलं, संसार आडवा आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिकवायला लागले ते मात्र गुरुजींसारखंच, कारण दुसरं शिकवणं मी कधी पाहिलंच नव्हतं.

खारूताई माझ्याकडे नऊ वर्षं शिकत होती. हे नाव मीच ठेवलेलं. पट्ट्यांवर तिचे हात खारीसारखे तुरुतुरु पळायचे. आता सतरा वर्षांची झाली होती आणि संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. माझ्या हाताखालून तिथे आजवर कोणी गेलं नव्हतं. परीक्षा तिची, पण झोप माझी उडाली होती.

त्या सोमवारी ती एक उतरती तान वाजवत होती. बत्तिसाव्या वेळी तिचं चौथं बोट आत वळलं. मी बघतच राहिले. त्याच वेळी तिला थांबवायला हवं होतं. आणि मी काय करावं? पेन्सिल घेतली, कागदावरचे बोटांचे आकडे खोडले, चारच्या जागी तीन लिहिला. चौथं बोट वापरायचंच नाही, म्हणजे परीक्षकांना दिसायचंही नाही. हीच युक्ती मी स्वतः दोन वर्षं केली होती.

"अय्या बाई, जमलं की!" ती हसली.

"दात नंतर काढ. पुन्हा एकपासून," मी म्हणाले.

त्यानंतर बाराव्या दिवशी तिची आई बरोबर आली. आई शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर. आजवर माझ्या दारात कधी चढ्या आवाजात बोलली नाही. म्हणाली, "बाई, हिला चार दिवस झाले, स्वतःची वेणी घालता येत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणते. कात्री चालवून माझा अंगठा आखडला, तर मी कात्री बाजूला ठेवते. पण तुमच्यातलं मला काय कळतंय? तुम्ही म्हणाल तसं."

खारूताई घाईघाईने म्हणाली, "काही नाही हो बाई, हात तयार होतोय."

माझंच वाक्य! कानाखाली बसावी तसं झालं. मी पियानोवर बसले आणि तीच तान उजव्या हाताने वाजवायला घेतली. तिच्यासमोर मी नेहमी डाव्या हातानेच वाजवून दाखवायचे. पाचव्या सुरालाच माझं बोट आत गेलं. बाहेर काढलं, पुन्हा गेलं.

"संसारबिंसार काही नाही," मी म्हणाले. "माझं हे असं झालं म्हणून मी सोडलं. तुझंही तेच होतंय. आजपासून बंद. पट्टीला बोट लावायचं नाही. उद्या हाताच्या डॉक्टरांकडे जायचं, मी येते बरोबर."

"आणि परीक्षा?"

"या वर्षी नाही."

तिने कागदावरच्या आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे बोटं बदलून दिलीत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी रोज चाळीस वेळा?"

खरं होतं ते सांगितलं. "मला तू तिथे जायला हवी होतीस. तुझ्यापेक्षा मलाच."

तिची आई उठली. "बाई, मी पोरीचा हात तुमच्या हातात दिला होता," एवढंच म्हणाली. "डॉक्टरांकडे मी नेईन. तुम्ही नका येऊ." दोघी खाली उतरल्या. मला लाज वाटली, इतकी की संध्याकाळपर्यंत मी त्या स्टुलावरून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घेऊन बसले. आणखी अकरा जण शिकतात माझ्याकडे. पहिला फोन सगळ्यात धाकटीच्या घरी लावला. ती नऊ वर्षांची. तिनेच उचलला.

"वाजवताना हात दुखतो का गं तुझा?"

ती अगदी हळू म्हणाली, "बाई, आधी सांगा, रागावणार नाही ना?"