न चढलेलं धुराडं

लोकांच्या घरी मी फार ताठ असतो. सव्वीस वर्षं धुराडी साफ करतोय. शेगडीचं दार उघडायच्या आधीच घरमालकाला दम देऊन मोकळा होतो. ओली लाकडं घालू नका, खिडकीच्या फटीत कापडं कोंबू नका, राख काढायचा आळस करू नका. बायको म्हणते, मला हा धंदा आवडतो तो फुकट बोलायला मिळतं म्हणून.

ताईकडे मात्र आधी चहा. चहाबरोबर गप्पा, गप्पांत दाजींची चेष्टा, आणि तोवर माझा गुडघा आखडलेला असतो. यंदा थंडीच्या तोंडावर गेलो तेव्हा शिडी गाडीवरच राहिली. शेगडीच्या तोंडाशी पेटता कागद धरला, धूर वर ओढला गेला. मागच्या वर्षी तर आपणच साफ केलंय, असं स्वतःला सांगितलं आणि भिंतीवर टांगलेल्या सफाईच्या कार्डावर तारीख टाकून सही ठोकली. परक्याच्या घरी असं कधीच केलं नसतं. घरचं काम म्हणून टंगळमंगळ केली.

पाच आठवड्यांनी ताईचा फोन आला. दाजींचं डोकं दोन दिवस ठणकत होतं, तिलाही मळमळत होतं. डोकं दुखतंय आणि घरात शेगडी आहे, एवढं ऐकल्यावर मी परक्या माणसाला आधी घराबाहेर काढलं असतं. ताईला म्हणालो, "हवा बदललीये गं. त्यांना शेगडीजवळ उबेला बसव."

तिने बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी त्याच खुर्चीत बेशुद्ध सापडले.

दुपारी अग्निशमन दलाच्या तपासनीस बाई छपरावर चढल्या. पोरसवदाच होत्या, गुडघे शाबूत. खाली उतरल्या तेव्हा बादलीत पक्ष्याचं अख्खं घरटं होतं, काड्या, पिसं आणि वर काजळीचा थर. धूर जायला जी थोडी वाट उरली होती तीही काजळीनं बुजली होती. "विषारी वायू घरातच साठत गेला. त्याला वास नसतो, म्हणून कळत नाही," त्या मला समजावून सांगत होत्या. मी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

मग त्यांनी कार्ड पाहिलं. "धुराडं तर नुकतंच साफ झालंय. कोणी केलं?"

"माझ्या भावानं. अगदी नीट केलं होतं," ताई लगेच म्हणाली. "ओली लाकडं मीच घातली असणार, बाई. त्यानं काजळी धरली. घरटं नंतर झालं असेल. चूक माझीच."

बाई लिहू लागल्या. ताईच्या हातात दाजींचा स्वेटर होता, दवाखान्यात न्यायला काढलेला. त्याची घडी ती सारखी मोडत होती आणि पुन्हा घालत होती. मी गप्प राहिलो. किती वेळ, ते मला ठाऊक आहे, कारण बाईंच्या दोन ओळी लिहून झाल्या. त्या दोन ओळींत मी माझा परवाना वाचवत होतो आणि नवऱ्याचा जीव घेता घेता राहिल्याचं खापर बहिणीच्या माथी मारत होतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

"ते खोडा," मी म्हणालो. "मी वर चढलोच नाही. नुसती सही केली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खोडलं आणि नव्यानं लिहिलं. परवाना जमा करायला सांगितला. एक वाईट शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यात दाजी शुद्धीवर आले होते. नाकातोंडावर मास्क होता, तरी मला बघून त्यांनी हात हलवला. मी बाहेर बाकावर येऊन बसलो. ताई शेजारी येऊन टेकली.

"कशाला खोटं बोललीस?" मी विचारलं.

"बाळ्या, तू वर गेला नव्हतास ते मला त्याच दिवशी माहीत होतं." अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला ती अजून बाळ्याच म्हणते. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं की सगळं."

"मग शेगडी पेटवलीस कशी?"

ती जरा गोंधळली. मी असं काय विचारतोय, तेच तिला समजेना.

"मला वाटलं, इतक्या वर्षांनी तुला खालूनच कळत असेल."